हवेचं माप

एखाद्या संस्थेचं सभागृह वातानुकूलित करायचं ठरलं, की पहिल्याच बैठकीत कोणीतरी विचारतं, "किती टन लागेल?" कॉन्ट्रॅक्टर छताकडे बघतो, खुर्च्यांच्या रांगा नजरेनं मोजतो आणि आकडा सांगतो. आकडा बहुधा सैल हातानं काढलेला असतो आणि त्याबद्दल कोणाची हरकत नसते. कमी पडलं तर सगळे नावं ठेवतील. जास्त झालं तर कोण विचारतंय? पुढची सगळी प्रकरणं म्हणजे या शेवटच्या प्रश्नाशी घातलेला वाद आहे. गरजेपेक्षा मोठं घेतलेलं एअर हँडलिंग युनिट हे लहान पडलेल्या युनिटाइतकंच चुकीचं असतं, आणि कोकणपट्टीसारख्या दमट मुलखात तर ते अनेकदा जास्त त्रास देतं. शिवाय हा त्रास लवकर ओळखूही येत नाही, कारण खोली थंड असते.

एअर हँडलिंग युनिट, म्हणजे साइटवर ज्याला सगळे एएचयू म्हणतात, ती पत्र्याची एक लांबट पेटी. खोलीतून परतलेली हवा आणि बाहेरून घेतलेली ताजी हवा तिच्या एका टोकाला एकत्र येते, फिल्टरमधून गाळली जाते, मग गार पाणी किंवा रेफ्रिजरंट खेळवलेल्या कॉईलवरून जाते. तिथं हवेतली उष्णता निघते, पाणी निथळतं आणि शेवटी पंखा तिला डक्टमध्ये ढकलतो. थंडावा तयार करणारं यंत्र वेगळं: गच्चीवरचा किंवा तळघरातला चिलर, नाहीतर बाहेरचं कॉम्प्रेसर युनिट. एएचयूचं काम तो थंडावा हवेच्या स्वाधीन करायचं आणि ती हवा माणसांपर्यंत पोचवायचं. म्हणून त्याचं माप ठरवताना दोन वेगळे हिशेब लागतात. एक उष्णतेचा, एक हवेचा. आपल्याकडे पहिला हिशेब कसाबसा होतो आणि दुसरा त्यातून गुणाकारानं उरकला जातो. सगळी गोम इथंच आहे.

'टन' हे माप बर्फाच्या जमान्यातलं. दोन हजार पौंड बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता शोषेल, त्या गतीनं उष्णता काढणं म्हणजे एक टन. आजच्या भाषेत सुमारे ३.५ किलोवॅट. चिलर विकत घेताना हे माप सोयीचं आहे. पण एएचयूची पेटी किती रुंद, किती उंच, हे टनांवर ठरत नाही. ते ठरतं मिनिटाला किती घनफूट हवा त्यातून जाणार यावर, म्हणजे सीएफएमवर. कॉईलच्या तोंडावर हवेचा वेग मिनिटाला साधारण ५०० फुटांच्या आत ठेवायचा असतो. त्यापुढे गेलं, की पत्र्यांवर जमलेले पाण्याचे थेंब ड्रेन ट्रेमध्ये पडण्याऐवजी हवेबरोबर उडून पंख्यात आणि डक्टमध्ये जाऊ लागतात. तेव्हा सीएफएमला ५०० नं भागलं की कॉईलच्या तोंडाचं क्षेत्रफळ चौरस फुटांत मिळतं आणि पेटी त्याभोवती उभी राहते.

टनांवरून सीएफएम काढायचा धंद्यातला सर्वमान्य गुणाकार आहे: एका टनाला ४०० सीएफएम. हा आकडा हवेतून आलेला नाही. बाहेरची हवा फारशी न घेणारं घर किंवा छोटं ऑफिस असेल, माणसं कमी असतील, भिंती-काचांतून येणारी कोरडी उष्णताच मुख्य असेल, तर तो बऱ्यापैकी जुळतो. बिघडतं ते तोच आकडा गर्दीच्या आणि दमट जागेला लावल्यावर. मुंबईतल्या एका नाट्यगृहाचा हिशेब मांडून बघू. नाट्यगृह कल्पित आहे, आकडे मात्र रोजच्या कामातले आहेत.

प्रेक्षागृहात ८०० खुर्च्या, क्षेत्रफळ ८,००० चौरस फुटांच्या आसपास, महिना जुलै, प्रयोग हाऊसफुल्ल. शांत बसलेला प्रेक्षक साधारण १०० वॅट उष्णता सोडतो. त्यातली ७० वॅट हवेचं तापमान वाढवते. उरलेली ३० श्वासातून आणि घामातून बाष्पाच्या रूपानं येते. आठशे माणसांचे झाले ८० किलोवॅट, म्हणजे २३ टन. दिवे, छत, भिंती आणि खुद्द पंख्याची उष्णता मिळून आणखी २४ किलोवॅट धरू. ते ७ टन. आता ताजी हवा. अ‍ॅशरे या वातानुकूलन इंजिनिअरांच्या संस्थेच्या ६२.१ या मानकाप्रमाणे प्रेक्षागृहात माणशी ५ सीएफएम आणि दर चौरस फुटाला ०.०६ सीएफएम बाहेरची हवा लागते. तिचा हिशेब होतो सुमारे ४,५०० सीएफएम. बाहेर ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता, आत हवेत २४ अंश आणि ५५ टक्के. एवढी हवा त्या अवस्थेतून या अवस्थेत आणायला ८४ किलोवॅट लागतात, म्हणजे २४ टन. आठशे माणसांच्या शरीरांहून दारातून घेतलेल्या ताज्या हवेचा बोजा थोडा जास्तच भरला. त्या ताज्या हवेतून तासाला जवळजवळ १०० लिटर पाणी काढावं लागतं, प्रेक्षकांच्या श्वासातून येणारं ३५ लिटर वेगळं. तीन तासांच्या नाटकात कॉईलवर निथळणारं पाणी दोन मोठ्या पिंपांत मावेल इतकं होतं.

एकूण झाले ५४ टन. चारशेचा गुणाकार केला तर २१,६०० सीएफएमचं युनिट निघतं.

आता दुसऱ्या वाटेनं जाऊ. प्रेक्षागृहात प्रत्यक्ष निर्माण होणारी कोरडी उष्णता फक्त ८० किलोवॅट आहे: माणसांची ५६, इतर २४. १३ अंशांची हवा सोडून खोली २४ अंशांवर ठेवायची तर ती उष्णता वाहून न्यायला १३,००० सीएफएम पुरे होतात. टनामागे ४०० नव्हे, २४० च पडले. ताज्या हवेचा बोजा कॉईलवर येतो, खोलीत येत नाही. म्हणून कॉईल खोल हवी, सहा किंवा आठ रोची (नळ्यांच्या रांगांची), पण पंखा आणि डक्ट त्या प्रमाणात वाढवायचं कारण नाही. कॉईलचं तोंड २६ चौरस फूट पुरतं. गुणाकाराच्या वाटेनं गेलेल्या माणसानं ४३ चौरस फुटांची पेटी मागवलेली असते.

मागवली तर काय बिघडलं? थर्मोस्टॅट २४ अंशच मागतो. हवा दीडपटीहून जास्त फिरते, म्हणून ती १३ ऐवजी १७.५ अंशांना सोडली तरी खोली २४ वर टिकते. पण १७.५ अंशांच्या कॉईलवर पाणी पुरेसं निथळत नाही. हिशेब केला तर खोलीतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या पुढे जाते. भिंतीवरचा काटा २४ दाखवतो आणि प्रेक्षकाला चिकट, कोंदट वाटतं. तक्रार आली की ऑपरेटर काटा २१ वर आणतो. आता पुढच्या रांगेतल्या आज्जी शाल गुंडाळून बसतात, कपड्यांना दमट वास येतो, आणि महिन्याभरात हवा सोडणाऱ्या जाळ्यांभोवतीच्या फॉल्स सीलिंगवर काळे ठिपके दिसू लागतात. सगळे म्हणतात, एसी जबरदस्त आहे. जबरदस्त आहेच. अंगापेक्षा बोंगा मोठा, एवढंच.

नाट्यगृहात आवाजाची भर पडते ती निराळी. ठरलेल्या डक्टमधून जास्त हवा ढकलली की वेग वाढतो, आणि जाळीवर वेग दुप्पट झाला तर आवाज पंधरा-अठरा डेसिबलनं चढतो. कुजबुजीत बोललेलं वाक्य शेवटच्या रांगेला ऐकू यायला हवं असेल, तर त्या वाक्याची आणि पंख्याची गाठ पडू देता कामा नये. आपल्याकडे ध्वनीचा सल्लागार आणि वातानुकूलनाचा सल्लागार एकमेकांना बहुधा उद्घाटनाच्या दिवशी भेटतात, हा भाग वेगळा.

दमटपणा हा या शास्त्राचा मागाहून जोडलेला परिशिष्ट-विषय नाही. आधुनिक वातानुकूलनाची सुरुवातच त्यातून झाली. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यात उन्हाळ्यातल्या दमट हवेनं कागद फुगायचा, आकसायचा आणि रंगीत छपाईतले एकावर एक बसायचे रंग सरकायचे. विलिस कॅरिअर या तरुण इंजिनिअरनं त्यावर उपाय शोधला तो कागदाभोवतीची आर्द्रता धरून ठेवण्याचा. माणसांना गारवा मिळाला तो नंतर. १९११ साली त्यानं हवा आणि बाष्प यांच्या नात्याची सूत्रं प्रसिद्ध केली. आज आपण ज्याला सायक्रोमेट्रिक चार्ट म्हणतो त्याचा पाया तोच. मुंबईत १९३३ साली कुलाब्याला उघडलेलं रीगल हे वातानुकूलित चित्रपटगृहांत अगदी पहिल्या काहींपैकी. त्या काळी गारव्याची जाहिरात होत असे. पावसाळ्यातल्या कोरडेपणाचीही करता आली असती.

आता हाच चार्ट घेऊन नागपूरला जाऊ. मे महिन्यातली दुपार, ४४ अंश, आर्द्रता १५ टक्के. मुंबईचा जुलै ३० अंशांचा. कोणती बाहेरची हवा आत घेणं महाग? कोणालाही विचारा, नागपूरची म्हणतील. चार्ट उलट सांगतो. नागपूरच्या त्या हवेच्या दर किलोग्रॅममागे २४ अंश आणि ५५ टक्क्यांच्या खोलीपेक्षा सुमारे १६ किलोज्यूल जास्त असतात. मुंबईच्या जुलैत तेच ३५. तापलेली कोरडी हवा निम्म्याहून स्वस्त पडते. इतकंच नाही, नागपूरच्या त्या दुपारी बाहेरच्या हवेतलं पाणी खोलीतल्या हवेपेक्षाही कमी असतं, म्हणजे ती आत घेतल्यानं खोली किंचित कोरडीच होते. विदर्भात कूलर चालतो आणि दादरला त्यानं फक्त भिंती ओल्या होतात, त्याचंही कारण हेच. मुंबईच्या इमारतीचं युनिट नागपूरच्या इमारतीला जसंच्या तसं सुचवणारा माणूस एका ठिकाणी पैसे वाया घालवतो आणि दुसऱ्या ठिकाणी आरोग्य. पुण्याचं तिसरंच: तिथं हिवाळ्याच्या रात्री बाहेरची हवा फुकट गारवा देते, तेव्हा ताज्या हवेचा डॅम्पर पूर्ण उघडता यायला हवा आणि तेवढी हवा पुन्हा बाहेर काढायची सोयही हवी. ती सोय आराखड्यातच नसेल तर नंतर करता येत नाही.

म्हणून हीट लोड काढताना एकच दिवस धरून चालत नाही. मुंबईत किमान दोन तरी धरावेत. मे महिन्यातला उन्हाचा, ज्यात काच आणि छत तापतं. आणि जुलैतला ढगाळ, ज्यात ऊन नाही पण हवा भिजलेली आहे. पहिल्या दिवशी पास झालेलं युनिट दुसऱ्या दिवशी नापास होऊ शकतं, कारण ढगाळ दिवशी कोरडी उष्णता कमी, गार पाण्याची झडप अर्धवट मिटलेली, कॉईल कोमट आणि पाणी काढायचं काम मात्र पूर्ण. कॉम्प्रेसरवर थेट चालणाऱ्या युनिटात आणखी एक प्रकार घडतो. युनिट मोठं असलं की खोली पाच मिनिटांत थंड होते, कॉम्प्रेसर थांबतो, पण पंखा चालूच राहतो. आणि पंख्याखाली वाळत घातलेल्या ओल्या टॉवेलसारखी ती कॉईल आपल्यावर जमलेलं पाणी पुन्हा खोलीत सोडून देते.

इतकं मोठं युनिट येतं कुठून, याचा शोध घेतला तर कोणी एक गुन्हेगार सापडत नाही. वास्तुविशारद माणसांचा आकडा थोडा वाढवून देतो. कन्सल्टंट हीट लोड मांडायच्या ई-ट्वेंटी शीटवर सावधगिरी म्हणून १० टक्के चढवतो. कॉन्ट्रॅक्टर आपल्या अंगावर येऊ नये म्हणून १० चढवतो, पुरवठादार कॅटलॉगमधला पुढचा मोठा साइज काढतो. चार वेळा दहा टक्के म्हणजे ४० नव्हे, ४६ टक्के. प्रत्येकानं शहाणपणच केलेलं असतं. माझं मत असं, की हात राखायचाच असेल तर तो एकाच माणसानं, एकाच ठिकाणी, कागदावर लिहून राखावा. बाकीच्यांनी कोरे आकडे पुढे द्यावेत.

दुसरी सूज बेरजेची असते. एका मजल्यावर पूर्वेच्या केबिनांचा बोजा सकाळी नऊला शिखरावर असतो, पश्चिमेच्या केबिनांचा दुपारी चारला. प्रत्येक खोलीचं शिखर काढून त्यांची बेरज केली तर सूर्य एकाच वेळी दोन्ही बाजूंना उगवल्याचा हिशेब होतो. खोलीपर्यंत जाणारा डक्ट त्या खोलीच्या शिखरावर काढावा. एएचयूच्या कॉईलसाठी मात्र सगळ्या मजल्याचा मिळून जो तास सर्वांत जड असेल तो घ्यावा. मीटिंग रूममध्ये बसलेली माणसं आपापल्या टेबलावरही बसलेली धरली जातात, ही दुहेरी मोजणीही इथंच पकडायची.

व्हीएफडी, म्हणजे पंख्याचा वेग कमीजास्त करणारं उपकरण, बसवला की प्रश्न मिटला, असं अलीकडे सर्रास ऐकू येतं. पंख्याचा वेग २० टक्क्यांनी उतरवला तर वीज जवळपास निम्मी होते, कारण ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. हे खरं आहे आणि मोलाचं आहे. पण व्हीएफडी पंख्याला लहान करतो. पेटीला, डक्टला, अडवलेल्या जागेला आणि आधीच खर्च झालेल्या पैशाला नाही. त्यापेक्षा आपल्या नाट्यगृहात १३,००० चं एक युनिट घेण्याऐवजी साडेसहा हजारांची दोन घ्यावीत. तालमीला चाळीस माणसं असतात तेव्हा एकच चालतं, एक बंद पडलं तर प्रयोग रद्द होत नाही. ताज्या हवेच्या डॅम्परला कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर जोडला तर रिकाम्या खुर्च्यांसाठी पाणी काढत बसावं लागत नाही.

लहान युनिटाबद्दल फार लिहायला नको, त्याचे दोष घाम फुटून दिसतात. एक प्रकार मात्र सांगायला हवा. कोविडनंतर अनेक ठिकाणी जुन्या युनिटांत जास्त घट्ट विणीचे फिल्टर बसवले गेले. हेतू चांगला, पण पंखा पूर्वीच्या विरळ फिल्टरच्या दाबावर निवडलेला होता. हवा कमी झाली, कॉईलवर बर्फ धरू लागला आणि दोष कॉम्प्रेसरला मिळाला. फिल्टर धुळीनं भरल्यावर किती दाब खाईल हे धरूनच पंखा निवडायचा असतो. नवा फिल्टर बसवल्याच्या दिवशीचा दाब धरला तर युनिट फक्त त्याच दिवसापुरतं बरोबर असतं.

शस्त्रक्रियागृह आणि औषधांच्या कारखान्यांतल्या स्वच्छ खोल्या यांचा या सगळ्याशी संबंध उलटा आहे. तिथं उष्णता काय म्हणते याला दुय्यम महत्त्व. तासाला वीस वेळा हवा बदलायची, त्यातली चार वेळा बाहेरची, असा दंडक असला की १०८ घनमीटरच्या शस्त्रक्रियागृहाला १,२७० च्या आसपास सीएफएम लागणारच, मग उष्णता दोन टनांची असो की तीन. त्यामुळे तिथं पाणी काढायला हवा थंड करायची आणि खोली गारठू नये म्हणून ती पुन्हा थोडी तापवायची, असा उलटासुलटा खर्च कधी कधी करावाच लागतो. त्यावर स्वतंत्र प्रकरण आहे, इथं थांबतो.

जागेबद्दल मात्र वास्तुविशारदांशी भांडण मांडायलाच हवं. एएचयू रूम नकाशावर शेवटी येते, जिन्याखाली किंवा स्वच्छतागृहाच्या मागे उरलेल्या कोपऱ्यात. पेटी त्यात बसते, माणूस बसत नाही. कॉईल कधीतरी बाहेर काढावी लागणार, आणि ती बाजूनं सरकून निघते. म्हणजे पेटीच्या रुंदीएवढी मोकळी जागा तिच्या शेजारी हवी. फिल्टरचं दार पूर्ण उघडायला हवं, नाहीतर फिल्टर कागदोपत्रीच बदलले जातात. ड्रेनच्या पाइपला पुरेसा खोल ट्रॅप हवा, आणि त्यासाठी युनिट जमिनीपासून तेवढं उचललेलं हवं. कारण पंखा कॉईलच्या पुढे बसून हवा ओढतो, ट्रेमध्ये उणा दाब असतो, आणि ट्रॅप उथळ असला तर पाणी बाहेर जाण्याऐवजी आतच साठतं आणि एक दिवस खालच्या मजल्याच्या सीलिंगमधून उतरतं. मुंबईत पेटीचे पत्रेसुद्धा बघून घ्यावेत. दोन पत्र्यांमध्ये उष्णतारोधक पफ भरलेलं असलं तरी चौकटीचा धातू आतून बाहेर सलग गेला असेल, तर जुलैत बाहेरून पाणी सुटतं आणि सगळे गळती शोधत बसतात. मोठ्या युनिटाला यातली प्रत्येक गोष्ट जास्त लागते आणि जागा तेवढीच असते. मापात घेतलेलं युनिट हाच बऱ्याचदा मोकळ्या एएचयू रूमचा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो.

ही पानं इंजिनिअरांइतकीच विश्वस्तांसाठी, सोसायटीच्या सचिवांसाठी आणि साइटवर प्रत्यक्ष काम करणाऱ्या तंत्रज्ञांसाठी लिहिली आहेत. संगणकावरचे प्रोग्राम सगळा हिशेब क्षणात करून देतात, पण त्यांना दिलेले आकडे तपासायला माणूसच लागतो. कोटेशन हातात आलं, की टनांच्या रकान्याकडे बघण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात. सीएफएम किती आणि तो कशावरून काढला? त्यातली ताजी हवा किती? कॉईलमधून बाहेर पडणाऱ्या हवेचं तापमान किती, कोरडं आणि ओलं दोन्ही? आणि हिशेब कोणत्या महिन्याचा आहे? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं बहुतेक ठिकाणी मिळतात. चौथ्याला 'उन्हाळ्याचा' असं उत्तर आलं आणि इमारत सह्याद्रीच्या पश्चिमेला असली, तर शीट परत पाठवावी.

पहिलं प्रकरण सायक्रोमेट्रिक चार्टचं आहे. त्यातल्या तिरक्या-वाकड्या रेघा बघून पुष्कळ जण पुस्तक मिटतात. तसं न करता एक पेन्सिल घ्यावी, आपल्या गावाचं जुलैतलं दुपारचं तापमान आणि आर्द्रता शोधून तिथं एक ठिपका द्यावा, २४ अंश आणि ५५ टक्क्यांवर दुसरा द्यावा. दोन्हींमधलं उभं अंतर म्हणजे काढायचं पाणी, आडवं अंतर म्हणजे काढायची कोरडी उष्णता. ठिपके देऊन झाले की पान उलटावं.